बागेच्या सभेला कोण आले नव्हते?



संपादकांनी मला 'धम्म आणि लोकशाही' या विषयावर लिहायला सांगितले होते. मी एका बागेबद्दल लिहितो आहे. बाबासाहेबांची भाषणे आपण सगळेच वाचतो आणि त्यांवर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आपल्यात आहेत. पण बागेच्या प्रकरणात मी स्वतः चुकलो होतो, त्यामुळे त्यावर लिहायचा मला थोडा अधिकार आहे.

न्यू जर्सीत आमच्या टाउनशिपमध्ये रेल्वे रुळांच्या पलीकडे एक जुनी बाग आहे. बास्केटबॉलचे एक मैदान, दोन झोके, गंजलेली घसरगुंडी, सिमेंटची चार टेबले आणि मेपलची मोठी झाडे. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने तिचे नूतनीकरण करायचे ठरवले आणि आराखडा पक्का करण्याआधी लोकांचे मत मागवले. फाटकावर क्यूआर कोडचा फलक लागला. ऑनलाइन फॉर्म आला, त्यात बारा प्रश्न. आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये मंगळवारी संध्याकाळी सात वाजता जाहीर सभा. न्यू जर्सीत १९७५ पासून उघड्या सभांचा कायदा आहे. सार्वजनिक संस्थेने बंद दाराआड निर्णय घ्यायचे नाहीत, सभेची सूचना आधी द्यायची. आमच्या टाउनशिपने नियमाप्रमाणे सगळे केले. त्यांच्यावर माझा कसलाही आरोप नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्हा भारतीय मंडळींची अनेक वर्षांची मागणी होती क्रिकेटच्या खेळपट्टीची. बेसबॉलच्या मैदानावर चटई अंथरून खेळायचो, कोणीतरी तक्रार करायचे, आम्ही उठायचो. त्यामुळे फॉर्म आल्या दिवशीच आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्साह पसरला आणि पुढाकार माझ्याकडे आला. माझे शिक्षण एम.टेक., वीस वर्षे डेटाच्या कामात. मी छान संदेश लिहिला: दोन मिनिटांचे काम आहे, घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्र भरा, तिसऱ्या प्रश्नाला अमुक पर्याय निवडा. आठवडाभर रोज आठवण करून दिली. आलेल्या उत्तरांत निम्म्याहून जास्त आमची होती. सल्लागार कंपनीच्या कच्च्या आराखड्यात खेळपट्टी आली. जागा दाखवली होती बास्केटबॉलचे मैदान आणि ती चार टेबले होती तिथे.

सभेत भिंतीवर मोठे तक्ते लावले होते. आवडलेल्या चित्राखाली हिरवा ठिपका चिकटवायचा. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटे. मी उभा राहिलो आणि आकडे मांडले. शेवटी एक वाक्य जोडले, ते आधी ठरवलेले नव्हते: सध्या ही बाग वापरणारे बरेचसे लोक पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणारे आहेत, आणि मालमत्ता कर तर आपण भरतो. टाळ्या पडल्या. भाडेकरूच्या भाड्यातूनच घरमालकाचा कर भरला जातो, हे मला त्या क्षणीही माहीत होते. पण वाक्य सफाईदार होते, म्हणून बोललो.

घरी वडील होते. सहा महिन्यांसाठी आले होते. नागपूर जिल्ह्यातले, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. इथे त्यांना बोलायला कोणी नाही, म्हणून रोज संध्याकाळी त्याच बागेत बाकावर जाऊन बसायचे. त्यांच्या शेजारी एक टोपीवाला माणूस बसायचा. बहुधा मध्य अमेरिकेतला, छपरांच्या कामावर जाणारा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी वडिलांना त्याच्याबद्दल बरेच काही माहीत होते: मुले किती, कंबर कोणत्या बाजूला दुखते. बास्केटबॉल खेळणारी काळी पोरे येता-जाता वडिलांना हात करायची.

मी सभेचे वर्णन करून सांगितले. वडिलांनी ऐकून घेतले आणि विचारले, "त्या टोपीवाल्यानं का सांगतलं? अन् त्या पोट्ट्याईले इचारलं का?"

मी म्हणालो, "बाबा, फॉर्म सगळ्यांसाठी खुला होता."

वडील हसले. "आमच्या गावातबी ग्रामसभा साऱ्याईसाठीच होती. मारुतीच्या पारावर."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरायची, आपली माणसे पाराखाली लांब उभी राहायची किंवा जायचीच नाहीत. संध्याकाळी कोणीतरी वही घेऊन वस्तीत यायचे, आजोबांचा अंगठा घ्यायचे. वहीत आधीच लिहिलेले असायचे, 'सर्वानुमते मंजूर'. आपल्यावर काय अन्याय झाला त्याची ती गोष्ट होती आणि मी ती तशीच ऐकली होती. त्या रात्री मला कळले की या वेळी वही माझ्या हातात होती.

तुम्ही म्हणाल, फार ताणतो आहेस. बागेतली खेळपट्टी कुठे आणि गावातला बहिष्कार कुठे. बरोबर आहे, दोन्ही एक नाहीत. कोणी कोणाला हाकलले नव्हते, कोणाच्या हातात काठी नव्हती. पण 'खुले' या शब्दाचा इतिहास आपल्याला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवा. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसाला त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेता आले नाही. ठराव करणाऱ्यांना वाटले असेल, आपण दार उघडले, आता येणे न येणे त्यांच्यावर. दारापर्यंतच्या रस्त्यावर काय आहे, हे ठरावात लिहिलेले नसते. आमच्या फॉर्मच्या रस्त्यावर काय होते, ते मला नंतर समजले.

इथे मला विनयातला एक प्रसंग आठवला. शोधायला वेळ लागला, पण सापडला. महावग्गात उपोसथाच्या प्रकरणात आहे. उपोसथाच्या दिवशी एका सीमेतल्या सगळ्या भिक्खूंनी एकत्र यायचे असते. भगवान संघाला एकत्र यायला सांगतात, तेव्हा एक भिक्खू म्हणतो की एक जण आजारी आहे, तो आलेला नाही. आपण असतो तर काय म्हटले असते? 'हरकत नाही, बहुसंख्य आलेत, सुरू करू.' भगवान तसे म्हणत नाहीत. आजारी भिक्खूने दुसऱ्या भिक्खूकरवी आपली परिशुद्धी कळवावी, असा नियम घालून देतात. तेही जमत नसेल तर त्याला खाटेवर किंवा आसनावर बसवून उचलून संघामध्ये आणावे आणि मग उपोसथ करावा. आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले की हलवले तर आजार बळावेल किंवा तो दगावेल, तर त्याला हलवू नये. संघाने उठून तिथे जावे. पण अपुऱ्या संघाने उपोसथ करू नये. केला तर दोष.

संघाचे इतर निर्णय घेतानाही हीच रीत. तिथे आजारी भिक्खू आपला 'छंद' पाठवतो. आपल्या मराठीतला छंद म्हणजे आवड, पाली भाषेतल्या या छंदाचा इथे अर्थ संमती.

मी हे पुन्हा पुन्हा वाचले. अडीच हजार वर्षांपूर्वी एका आजारी माणसासाठी सगळी सभा उठून त्याच्या खाटेपाशी जाते. त्याचे मत महत्त्वाचे होते म्हणून नव्हे. तो कोणी थेर नाही, त्याचे नावही दिलेले नाही. तो नसेल तर संघ पूर्ण होत नाही, एवढेच कारण.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की संसदीय पद्धत भारताला नवी नाही, बौद्ध भिक्खू संघांना सभेचे सगळे नियम ठाऊक होते. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, सगळे. आपण ते अभिमानाने सांगतो. मीही सांगत आलो. पण त्या नियमांमध्ये खाट उचलण्याचा नियमही आहे, हे मी कधी कोणाला सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट. संघात ठराव मांडताना काही बाबतीत तीनदा पुकारा करतात: ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. तीनदा विचारून कोणी बोलले नाही, तर मौन म्हणजे संमती. आजच्या सभाही मौनाला संमती धरतात. पण संघातले मौन हे समोर बसलेल्या, विचारलेल्या, प्रश्न समजलेल्या माणसाचे मौन असते. सीमेतला प्रत्येक जण आलेला आहे किंवा त्याचा छंद पोहोचलेला आहे, याची खात्री झाल्यावरच त्या मौनाला किंमत. टोपीवाला माणूस त्या मंगळवारी गप्प होता, कारण तो छपरावरून उतरून घरी जेवत होता आणि असा काही प्रश्न विचारला जातो आहे हे त्याला माहीतच नव्हते.

मग मी काय केले, ते सांगतो. फार काही नाही. मी टाउनशिपच्या कार्यालयात जाऊन मुदत वाढवायची विनंती केली. त्यांनी तीन आठवडे दिले, खुशीने दिले. त्यांनाही उत्तरे एकाच बाजूने आल्याचे दिसत होते, पण सांगणार कोण? सहकाऱ्याकडून फॉर्मचे स्पॅनिश भाषांतर करून घेतले, कागदावर छापले. आणि वडिलांना घेऊन बागेत गेलो. वडील नसते तर माझ्याशी कोणी बोलले नसते, हे निश्चित. नंतर कपडे धुण्याच्या दुकानात गेलो, पहाटे मजूर उभे राहतात त्या कोपऱ्यावर गेलो, आणि वृद्धाश्रमात रात्रपाळी करून सकाळच्या बसने परतणाऱ्या बायका उतरतात त्या थांब्यावर गेलो.

पहिला धक्का म्हणजे फॉर्ममधला दुसरा रकाना. घराचा पत्ता. अनिवार्य. टाउनशिपबाहेरच्यांची उत्तरे वगळता यावीत म्हणून तो ठेवला होता. आमच्या धंद्यात आम्ही असा रकाना सहज टाकतो, एका लाल फुलीचे काम. पण ज्याच्या घरात कागदपत्र नसलेला एक जरी माणूस आहे, तो सरकारी फॉर्मवर पत्ता लिहीत नाही. तिथेच पेन थांबायचे. फॉर्म अर्धवट सोडून गेलेल्यांची नोंद संगणकात राहते. फलकाकडे पाहून फोन खिशातून काढलाच नाही, त्या माणसाची नोंद कुठेच राहत नाही. आणि आम्ही मात्र म्हणतो, डेटा बोलतो.

दुसरा धक्का जास्त मोठा. लोकांना हवे ते फॉर्मच्या पर्यायांत नव्हतेच. आमच्या तिसऱ्या प्रश्नात होते: खेळपट्टी, पिकलबॉल, कारंजे, कुत्र्यांसाठी कुंपण, व्यायामाची यंत्रे. रात्रपाळीच्या बाईने सांगितले, बागेतून थांब्याकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नाही. पोरांनी सांगितले, पाण्याचा नळ तीन उन्हाळे बंद आहे. टोपीवाल्याने सांगितले, शौचालय. रविवारी तो दोन नातवंडांना घेऊन येतो आणि धाकटीला लागली की सगळ्यांनाच घरी परतावे लागते. दिवा, पाणी, शौचालय. आपल्यापैकी जे वस्तीत वाढले आहेत त्यांना ही यादी ओळखीची वाटेल.

कोणाला विचारायचे हा जसा प्रश्न आहे, तसा केव्हा विचारायचे हाही आहे. यासाठी तुम्हाला न्यूयॉर्कला नेतो. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, लेहमन ग्रंथालयात. नवीन आलेल्या प्रत्येकाला आपण तिथे घेऊन जातो, फोटो काढतो. पुढच्या वेळी गेलात तर बाहेर पडून पूर्वेला एक चौक चाला. मॉर्निंगसाइड ड्राइव्ह लागतो आणि खाली एकदम कडा. त्या कड्यावर आणि पायथ्याशी मॉर्निंगसाइड पार्क पसरले आहे, सुमारे तीस एकर. वर विद्यापीठ, खाली हार्लेम. १९१३ ते १९१६ बाबासाहेब याच टेकडीवर शिकले.

१९६० साली राज्याच्या विधिमंडळाने या सार्वजनिक बागेतली दोन एकरांहून थोडी जास्त जागा विद्यापीठाला व्यायामशाळेसाठी भाड्याने द्यायला परवानगी दिली. भाडे वर्षाला तीन हजार डॉलर. इमारत कड्याला लागून उभी राहणार होती. वरचे दार विद्यापीठासाठी, खालचे दार हार्लेमच्या लोकांसाठी, आणि खालच्या दारातून आत आल्यावर वापरायला सुरुवातीला इमारतीचा सुमारे आठवा भाग. एक इमारत, दोन दारे, वरचे वरच्यांचे, खालचे खालच्यांचे. आराखडा काढणाऱ्यांना हे वाचताना काहीच खटकले नसेल का? बहुधा त्यांना ते औदार्यच वाटले असावे: आपण आपल्या पैशाने बांधतो आहोत आणि शेजाऱ्यांनाही देतो आहोत.

विरोध वाढल्यावर वाटा थोडा वाढवण्याची, पोहण्याचा तलाव देण्याची तयारी दाखवली गेली. पण तेव्हा बोलणे फक्त वाट्याचे उरले होते. बाग द्यायची की नाही, हे ठरून गेलेले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये खोदकाम सुरू झाले, एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेतल्या (व्हिएतनाम युद्धाशी विद्यापीठाचे असलेले संबंध हे दुसरे मोठे कारण होते), ३० एप्रिलला पोलिस आत घुसले, सातशेच्या वर अटका झाल्या. व्यायामशाळा तिथे झाली नाही. कडा फोडून झालेला खड्डा मात्र पुढची कित्येक वर्षे तसाच होता. आज तिथे तळे आणि धबधबा आहे, बदके पोहतात. मी माझ्या मुलांना ते तळे दाखवले आहे. जागा सुंदर आहे, आणि ती कशी झाली हे न सांगता तिथून परतू नका.

त्याच सुमारास, १९६९ मध्ये, शेरी अर्न्स्टाइन या अमेरिकन बाईंनी लोकसहभागाच्या शिडीवर एक निबंध लिहिला. आठ पायऱ्या. सगळ्यात खाली लोकांना नुसते खेळवणे, सगळ्यात वर निर्णय लोकांच्या हातात. मत मागवणे ही त्यांच्या शिडीवर चौथी पायरी आहे. त्यांचे म्हणणे असे की मत मागवून पुढे त्याचे काय झाले याची हमी नसेल, तर ते नुसते देखाव्याचे. आमचा फॉर्म आणि हिरवे ठिपके चौथ्या पायरीवर होते, आणि मला वाटत होते आपण गच्चीवर उभे आहोत.

वर चढणे शक्य असते, याचे एक उदाहरण वॉशिंग्टनमध्ये आहे. अनाकोस्टिया नदीच्या एका काठावर श्रीमंत वस्ती, दुसऱ्या काठावर प्रामुख्याने काळ्या लोकांची, वर्षानुवर्षे दुर्लक्षित वस्ती. अकराव्या रस्त्याच्या जुन्या पुलाच्या खांबांवर दोन्ही काठांना जोडणारी बाग करायची कल्पना निघाली. चित्र काढणारे वास्तुविशारद नेमण्याआधी आयोजकांनी दोनशेच्या वर बैठका घेतल्या, बऱ्याचशा लोकांच्याच जागी जाऊन. तिथे समोर आलेली भीती बागेत काय असावे याच्याशी संबंधित नव्हती. भीती अशी होती की बाग झाली की भाडी वाढतील, आणि बाग बघायला आम्ही इथे असू का? मग २०१५ मध्ये बागेआधी घरे, रोजगार आणि छोटे धंदे यांचा आराखडा तयार झाला. स्थानिकांना घर घेता यावे म्हणून वर्ग सुरू झाले, जमीन सामुदायिक मालकीत ठेवणारा न्यास उभा राहिला. हे सगळे पुरेसे ठरेल की नाही यावर तिथल्या लोकांत मतभेद आहेत आणि असायलाच हवेत. पण 'झोका हवा की घसरगुंडी' एवढेच विचारून थांबले असते, तर ही भीती कोणत्याही रकान्यात बसली नसती.

आता आक्षेप. आमच्या क्रिकेटच्या कप्तानाने मला फोनवर ऐकवले ते असे: "आपण इथे अल्पसंख्य आहोत. आपल्याला कधी कोणी विचारले होते? पहिल्यांदा एकजूट करून काही मागितले, आणि तूच पाय ओढतोस." हा आक्षेप खोटा नाही. आमची मागणी चूक नव्हती, एकजूट तर मुळीच नव्हती. संघटित व्हा, हे आपल्यालाच सांगितले आहे. पण बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला सांगितले ते आपण सभेला नव्हतो म्हणून. आपण संघटित होऊन, सभेला न आलेल्यांची टेबले मागायची, हे त्यात बसते का? मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. मी एवढेच म्हणालो की खेळपट्टी हवीच आहे, फक्त ती त्यांच्या जागेवर नको. कप्तान त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. दिवाळीचा निरोपही आला नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. सगळ्यांच्या खाटेपाशी जात बसलो तर काम कधी होणार? याला विनयाचेच उत्तर आहे. संघाला सीमा आखून दिलेली होती. जगातल्या सगळ्या भिक्खूंची वाट पाहायची नाही, या सीमेतल्यांची पाहायची. आमच्या बागेची सीमा काय होती? ती बाग रोज वापरणारी माणसे. तीन आठवड्यांत, नोकरी सांभाळून, मी आणि एक सत्तरीचे गृहस्थ त्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलो. अशक्य नव्हते. आणि खाटेपाशी जाणे म्हणजे त्या माणसाचे ऐकून तेच करणे असेही नाही. टोपीवाल्याला हवे असलेले शौचालय अजून झालेले नाही. टाउनशिपने ते दुसऱ्या टप्प्यात ढकलले, खर्चाचे कारण दिले, आकडे दाखवले. ते मला पटले नाही, पण निदान त्याला विचारून, त्याच्यासमोर कारण सांगून नाकारले गेले.

बास्केटबॉलचे मैदान राहिले. टेबले राहिली. नळ दुरुस्त झाला. वाटेवर चार दिवे लागले. क्रिकेटसाठी दुसऱ्या मैदानावर शनिवार-रविवारची वेळ ठरवून मिळाली, खेळपट्टी मात्र नाही. चटई अजून आमच्याच गाडीच्या डिकीत असते. वडील दिवे लागण्याआधीच परत गेले. मी त्यांना फोटो पाठवला, तर त्यांनी विचारले, फोटोत टोपीवाला का नाही.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण आपल्याच संघटनेत आहे. यंदाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा हॉल आणि वेळ आपण व्हॉट्सॲपवरच्या मतदानाने ठरवली. रविवार, सकाळी दहा, महामार्गालगतचा मोठा हॉल. भरपूर मते पडली, निकाल स्पष्ट आला, मीही अंगठा दाखवला. परवा सहज यादी जुळवून पाहिली. ज्यांनी मत दिले नाही त्यांत गाडी नसलेले विद्यार्थी आहेत, शनिवारची रात्रपाळी करणाऱ्या दोन परिचारिका आहेत, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि ग्रुपवर स्वतःचा नंबरच नसलेल्या काही भगिनी आहेत, आणि फोनवरची अक्षरे न दिसणारे आपले एक ज्येष्ठ उपासक आहेत. एकूण एकोणीस जण. आपण त्यांच्या मौनाला संमती धरून आगाऊ रक्कमही भरायला निघालो आहोत.

रक्कम भरायची शेवटची तारीख या महिन्याच्या अखेरीस आहे, म्हणजे अजून दोन रविवार आहेत. यादी माझ्याकडे आहे. फोन करायला मी बसतोच, पण चार-पाच घरी प्रत्यक्ष जावे लागेल आणि माझ्या एकट्याच्या गाडीने ते होणार नाही. येत्या रविवारी वंदना झाल्यावर, खीर घेताना, मला भेटा.

जय भीम.